डिझेलची जमिनीखालची टाकी काढली, आता माती आणि पाणी कसं तपासायचं? रबाळ्याच्या प्लॉटबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मी असा समजलो. रबाळे एमआयडीसीतल्या प्लॉटवर बॉयलर आणि जनरेटरसाठी १९९४ मध्ये पुरलेली १५ किलोलिटरची डिझेलची टाकी गेल्या आठवड्यात काढली. खड्डा उघडा आहे. ठेकेदार म्हणतो, पाऊस यायच्या आत भरून मोकळे होऊ. प्लॉट घेणाऱ्याला माती-पाण्याचा रिपोर्ट हवा आहे. प्रयोगशाळेनं खड्ड्याच्या तळातला मातीचा एक नमुना आणि आवारातल्या बोअरच्या पाण्याचा एक नमुना, दोन्हींत 'ऑइल अँड ग्रीस' आणि बीटेक्स (इंधनातल्या चार हलक्या घटकांची तपासणी), असं कोटेशन पाठवलं आहे. एवढं पुरेल का, आणि गणपतीपर्यंत 'जागा स्वच्छ आहे' असं लिहून देता येईल का?

सगळ्यात घाईचं आधी सांगतो. खड्डा भरू नका. मातीचे नमुने घेऊन होईपर्यंत ठेकेदाराला मुरमाचा एक डंपरही रिकामा करू देऊ नका. या कामात रिपोर्टची लायकी प्रयोगशाळेत ठरत नाही, ती खड्ड्याच्या काठावर ठरते: नमुना कुठून घेतला, कसा घेतला, कधी घेतला. उघडा खड्डा म्हणजे तीस वर्षांत एकदाच मिळालेली खिडकी आहे. ती बुजवल्यावर तीच माती बघायला बोअर मारावे लागतील, आणि तेव्हाही चार इंचाच्या भोकातून जेवढं दिसतं तेवढंच दिसेल.

तळातला एक नमुना का पुरत नाही, हे मी वागळे इस्टेटमधल्या एका खड्ड्यात शिकलो. टाकी साधारण तुमच्याएवढीच होती. तळ कोरडा, पिवळसर मुरूम, वास नाही. तळातून दोन नमुने गेले, दोन्ही स्वच्छ आले. निघता निघता पोकलेनवाल्यानं पूर्वेकडची भिंत थोडी खरवडली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर कातळाच्या एका आडव्या भेगेतून थेंब यायला लागले. आधी पाणी वाटलं. बोटावर घेतलं तर बुळबुळीत, आणि वास ओळखीचा. भेगेच्या दोन्ही बाजूंचा दगड करडा-निळसर पडला होता, बाकीची भिंत मात्र तांबूस. फिलिंग पाइपचा सांधा कितीतरी वर्षं थोडा थोडा गळत होता. ते डिझेल टाकीखाली गेलंच नाही. टाकीभोवतीच्या वाळूतून ते भेगेपर्यंत पोचलं आणि तिथून बाहेर निघून गेलं. ती भिंत खरवडली गेली नसती तर माझ्या सहीचा 'स्वच्छ' रिपोर्ट त्या प्लॉटच्या फायलीत आजही असता. तेव्हापासून चारही भिंती खरवडल्याशिवाय मी खड्डा सोडत नाही.

आपल्याकडची जमीनच तशी आहे. वर दोन-चार फूट भराव, मग मुरूम, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा कुजका दगड आणि खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. वाळूच्या प्रदेशात गळती सरळ खाली जाते आणि पाण्याच्या पातळीवर पसरते. आपल्या बेसॉल्टमध्ये ती भेगा शोधत जाते. त्यामुळे तळ स्वच्छ आणि बाजू घाण, असं इथे नेहमी सापडतं.

तुमच्या खड्ड्यात नमुने कुठून घ्यायचे ते सांगतो. टाकीच्या दोन्ही टोकांखाली एकेक आणि मध्यभागी एक, तेही बसवताना टाकलेली वाळू काढून, खालच्या मूळ मुरमात फूट-दीड फूट आत जाऊन. फिलिंग पाइप जिथे टाकीला मिळत होता त्याच्या बरोबर खाली एक नक्की, कारण टँकरची नळी काढताना सांडलेलं तिथेच मुरतं. चारही भिंतींतून, जिथे रंग बदललाय, ओल आहे किंवा भेग आहे तिथून एकेक. कुठेच काही दिसत नसेल तर टाकीच्या तळाच्या पातळीवर घ्या. टाकीपासून बॉयलरपर्यंतची पाइपलाइन अनेकदा लोक विसरतात. टाकीपेक्षा तिचे सांधे, एल्बो आणि पंपाजवळची जोडणी जास्त गळतात. तीही उकरा आणि प्रत्येक सांध्याखालून नमुना घ्या. काढलेल्या मातीच्या ढिगातून वेगळे घ्या. आणि एक नमुना प्लॉटच्या चढाच्या, म्हणजे पारसिक डोंगराच्या बाजूच्या कोपऱ्यातून, जिथे कधी इंधन गेलं नाही अशा ठिकाणाहून. तुलनेला काहीतरी हवं.

माणूस खड्ड्यात उतरवू नका. मुरमाची उभी भिंत कोरडी असताना भक्कम दिसते आणि एका सरीनंतर ढासळते. वाफ साठलेली असू शकते, ती वेगळीच. बादलीनं, म्हणजे पोकलेनच्या बकेटनं माती वर आणा आणि बकेटच्या मधोमधची, लोखंडाला न लागलेली माती घ्या. मशीनच्या हायड्रॉलिकचं तेल ठिबकत असेल तर आधी ते बंद करून घ्या, नाहीतर तुम्ही त्या मशीनचंच तेल तपासाल.

कुठला ढेकूळ प्रयोगशाळेत पाठवायचा हे ठरवायला पीआयडी नावाचं हातात धरायचं वाफमापक भाड्यानं मिळतं. मूठभर माती झिपच्या पिशवीत अर्धी भरा, बंद करून दहा मिनिटं सावलीत ठेवा, मग टोक आत घालून आकडा वाचा. पेट्रोलला हे यंत्र लगेच बोलतं. डिझेलची वाफ कमी, त्यामुळे आकडे छोटे येतात, आणि दमट हवेत ते भरकटतातही. म्हणून आकड्याला निकाल समजू नका, कुठली माती जास्त वाईट एवढंच त्यातून ठरवा. नाक आणि डोळा यांची नोंदही वहीत लिहा. पण मुद्दाम माती नाकाशी नेऊन हुंगू नका.

आता बाटल्यांबद्दल, कारण निम्मे रिपोर्ट इथे वाया जातात. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाडीच्या डिकीत टाकलेला मी आजही पाहतो. मे महिन्यात ठाण्याहून प्रयोगशाळेपर्यंत त्या डिकीत जी उष्णता असते तिच्यात हलके घटक निघून जातात आणि रिपोर्ट आपोआप सुधारतो. बीटेक्स आणि नॅफ्थलीनसाठी छोट्या सिरिंजसारख्या नळीनं पाच ग्रॅम माती ताज्या कापलेल्या पृष्ठभागातून घ्यायची आणि लगेच मिथेनॉल असलेल्या कुपीत सोडायची. हे प्रयोगशाळेच्या माणसानं करायचं, मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असतं. डिझेलच्या जड भागासाठी रुंद तोंडाची काचेची बरणी, काठोकाठ भरलेली, झाकणाला आतून टेफ्लॉन. सगळं बर्फात, चार अंशांच्या आसपास. चार ठिकाणची माती एकत्र कालवून 'सरासरी नमुना' करू नका. कालवताना वाफ उडते, आणि एका ठिकाणची घाण तीन ठिकाणच्या स्वच्छ मातीत लपते. बाटलीवर परमनंट मार्करनं लिहू नका, त्याच्या शाईतले द्रावक बीटेक्सच्या तपासणीत दिसू शकतात. बॉलपेननं लेबलवर लिहा आणि लेबल आधीच चिकटवून ठेवा. जवळ जनरेटर चालू असेल तर तो बंद करा.

आता कोटेशन. दोष प्रयोगशाळेचा नाही, त्यांना 'माती-पाणी तपासून द्या' एवढंच सांगितलं गेलं असणार. पण त्यातल्या दोन्ही चाचण्या तुमच्या टाकीला बसत नाहीत.

'ऑइल अँड ग्रीस' वजनाची चाचणी आहे. द्रावकात तेल काढायचं, द्रावक उडवायचं, उरलेलं तोलायचं. द्रावक उडवताना डिझेलचा हलका भाग त्याच्याबरोबर उडतो, आणि वनस्पतीजन्य चरबी मात्र वजनात राहते. सांडपाण्यासाठी ती ठीक आहे, इथे नाही. तुम्हाला टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर हवं, आणि डिझेलचा पट्टा, साधारण सी-१० ते सी-२८ (रेणूत १० ते २८ कार्बन अणू), वेगळा दाखवलेला हवा.

बीटेक्स म्हणजे बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन आणि झायलीन. पेट्रोलमध्ये ही मंडळी भरपूर असतात, डिझेलमध्ये फारच थोडी. तीस वर्षांच्या जुन्या डिझेल गळतीत बेंझिन सापडलं नाही तर त्यात नवल नाही, आणि त्यावरून जागा स्वच्छ ठरत नाही. बीटेक्स ठेवा, पण त्याच्या जोडीला पीएएच, म्हणजे अनेक कड्या जोडलेले जड हायड्रोकार्बन घ्या, विशेषतः नॅफ्थलीन, आपल्या डांबराच्या गोळ्यांत असतं तेच. हे वाचणाऱ्या कुणाची टाकी पेट्रोलची असेल तर उलट करा: बीटेक्स आणि एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन) आधी. टाकी २००० च्या आधीची असेल तर मातीत शिसंही तपासा, कारण देशभर शिसेविरहित पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून आलं. अलीकडच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची गळती असेल तर आणखी एक गोष्ट घडते. मातीतले जिवाणू इथेनॉल आधी खातात आणि त्यात प्राणवायू संपवतात, मग बेंझिन खायला प्राणवायू उरत नाही आणि बेंझिन जास्त लांबपर्यंत जातं.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी लेखी मागा. पहिली, एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मान्यतेच्या यादीत 'मातीतील टीपीएच' आणि 'भूजलातील बीटेक्स' हेच शब्द आहेत का. बोधचिन्ह कागदावर असतं, पण मान्यता कधीकधी फक्त पीएच आणि क्लोराइडची असते. दुसरी, प्रत्येक घटकाची शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण. रिपोर्टमध्ये 'बीडीएल', म्हणजे शोधमर्यादेच्या खाली, असं लिहून येतं आणि लोक खूश होतात. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. यंत्राची शोधमर्यादाच ५० असेल तर त्या 'बीडीएल'ला काही अर्थ नाही. क्रोमॅटोग्रामची, म्हणजे त्या यंत्रानं काढलेल्या आलेखाची प्रतही मागा. ताज्या डिझेलमध्ये सुळक्यांची नीट रांग दिसते, जुन्या मुरलेल्या डिझेलमध्ये सुळके झिजून खाली एक फुगवटा उरतो. गळती कधीची, हा वाद उद्या खरेदीदाराशी झाला तर हा आलेख तुमच्या कामी येईल.

आता पाणी. आवारातल्या बोअरचं पाणी तपासून भूजलाबद्दल जवळपास काहीच कळणार नाही. तुमचं बोअर दोनशे फूट असेल, वरचे वीस-तीस फूट केसिंग, म्हणजे बंद पाइप असेल, आणि पंप खोल सोडलेला असेल. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वरच्या पाण्यावर तरंगतं. वरचं पाणी केसिंगनं अडवलंय आणि तुम्ही खालचं उपसताय. वर घाण असली तरी नळाला पाणी स्वच्छ येईल. ते स्वच्छ आलं म्हणून आनंद मानू नका. शिवाय केसिंगचा खालचा सांधा नीट बसला नसेल तर तेच बोअर वरची घाण खाली नेणारी नळी होतं, म्हणून बोअरचा नमुना घ्या जरूर, पण वेगळ्या कारणासाठी.

खड्ड्यात पहिल्या पावसात साठणारं पाणीही भूजल नाही. कातळातला खड्डा बादलीसारखा भरतो, ते पावसाचं पाणी. त्यावर तवंग आला तर ती खूण मात्र महत्त्वाची. तवंग डिझेलचा की लोहजिवाणूंचा, हे काडीनं कळतं. काडी फिरवली की जिवाणूंचा तवंग काचेसारखा तुटतो आणि तुकडे सुटेच राहतात. डिझेलचा तवंग काडीमागे पुन्हा जुळून येतो. हे पाणी पंप लावून बाहेरच्या गटारात सोडू नका. तुमच्या भागातले नाले ठाणे खाडीत जातात, आणि खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा २०२२ पासून रामसर यादीत आहे. टँकरनं उचला.

भूजलासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी लागतील. एक टाकीच्या चढाच्या बाजूला, दोन उताराला. तुमच्याकडे जमीन पारसिक डोंगराकडून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून खाडीकडे उतरते, म्हणून पाणी ढोबळमानानं पश्चिमेला जात असेल. पण भेगांच्या जमिनीत ढोबळ अंदाजावर विसंबू नका. तिन्ही पाइपांच्या तोंडांची उंची ऑटो लेव्हलनं (सर्व्हेच्या दुर्बिणीनं) मोजा, पाण्याची पातळी मोजा, आणि त्रिकोणातून दिशा काढा. पातळीतला फरक कधीकधी बोटभर असतो, त्यामुळे उंची नजरेनं धरली तर दिशा उलटी निघू शकते. तुमच्या उताराला गोठिवली-घणसोलीच्या बाजूची जुनी वस्ती आहे. तिथे कुणी विहिरीचं पाणी कपड्यांना, झाडांना वापरत असेल तर ते आधी जाऊन बघा आणि घरमालकाशी बोला. त्याला हे तुमच्याकडून कळलेलं बरं.

विहिरीची रचना ठेकेदारावर सोडू नका. जाळी पाडलेला पीव्हीसी पाइप पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पोचला पाहिजे, नाहीतर तरंगणारं डिझेल आत येणारच नाही. आपल्याकडे पातळी वर्षात कित्येक मीटर हलते. समजा ऑगस्टमध्ये पाणी दीड मीटरवर आणि मेमध्ये सहा मीटरवर असेल, तर जाळी साधारण एक मीटरपासून सात-आठ मीटरपर्यंत हवी. पाइपभोवती धुतलेली वाळू, वर बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या मातीचा) बूच, मग सिमेंट आणि कुलूपबंद झाकण. बेंटोनाइट टाळलं तर पावसाचं पाणी पाइपाच्या कडेनं सरळ आत उतरतं. बोअर मारण्याआधी गॅसलाइन, वीजकेबल आणि एमआयडीसीच्या पाण्याच्या पाइपचे नकाशे बघा.

विहीर धुऊन झाल्यावर निदान एक-दोन दिवस तिला निवू द्या. नमुन्याआधी पातळी मोजा आणि तेल-पाणी ओळखणाऱ्या पट्टीनं तरंगता थर आहे का पाहा. थर असेल तर पाण्याचा नमुना पाठवण्यात अर्थ नाही, थराची जाडी लिहा आणि मला कळवा. विहिरीतली जाडी जमिनीतल्या जाडीपेक्षा जास्त दिसते, तिच्यावरून लिटर काढत बसू नका. थर नसेल तर पंप अगदी हळू चालवा, मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, आणि पीएच, क्षारता, प्राणवायू स्थिर झाल्यावरच बाटली भरा. ४० मिलिलिटरची कुपी बुडबुडा न ठेवता भरायची. कुपीत आम्ल घातलेलं असतं. बेसॉल्टमधल्या कॅल्साइटमुळे आपलं पाणी कधीकधी आम्लाबरोबर फेसाळतं, तसं झालं तर आम्लाशिवाय भरा आणि सात दिवसांत तपासून घ्या.

टाकी खाडीलगत असती, ऐरोली किंवा कोपरखैरणेच्या भरावावर, तर मी काही गोष्टी वेगळ्या सांगितल्या असत्या. तिथे खाजणाचा काळा चिखल असतो, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि त्यातले नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ टीपीएचचा आकडा फुगवतात. तिथे ते नैसर्गिक पदार्थ सिलिका जेलनं काढून टाकून पुन्हा मोजायला सांगावं लागतं, आणि पातळी भरती-ओहोटीच्या वेळा लिहून मोजावी लागते.

आकडे आल्यावर कशाशी तुलना करायची, हा पुढचा प्रश्न. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, खनिज तेल लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मातीसाठी इथले बरेच सल्लागार डच, म्हणजे नेदरलँड्सची, मर्यादांची यादी वापरतात: खनिज तेल किलोला ५,००० मिलिग्रॅम, बेंझिन १.१. पण ते आकडे १० टक्के सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीचे आहेत. आपल्या मुरमात ते नगण्य असतं, आणि डच नियमानुसार किमान २ टक्के धरून आकडा पाचव्या हिश्शावर आणावा लागतो, म्हणजे तेल १,००० आणि बेंझिन ०.२२. 'आमचं ३,००० आलं, ५,०००च्या आत आहे' असं सांगणारा रिपोर्ट मी परत पाठवतो. भूजलासाठी त्या यादीत तेल लिटरला ६०० मायक्रोग्रॅम आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केलेत, म्हणून मोठं प्रदूषण निघालं तर ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला स्वतः कळवा.

माती घाण निघाली तर आत्ताच काढा. खड्डा उघडा आहे, मशीन उभी आहे, यापेक्षा स्वस्त वेळ पुन्हा येणार नाही. काढलेली माती जाड प्लॅस्टिकवर, वर ताडपत्री, कडेला बांध. टाकीतला गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो मॅनिफेस्टसह (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात गेल्याची प्रत तुमच्याकडे हवी, भंगारवाल्याची पावती चालणार नाही. टाकीचा पेट्रोलियम परवाना असेल तर तो परत केल्याचा कागदही फायलीला लावा.

आता गणपतीचं. तोवर मातीचा पूर्ण रिपोर्ट आणि पाण्याची पहिली फेरी तुमच्या हातात असू शकते. खरेदीदाराला लिहून द्यायचं ते एवढंच: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर घेतलेल्या नमुन्यांत इतकं सापडलं. 'जागा स्वच्छ आहे' हे वाक्य त्या पत्रात घालू नका. पावसाळ्यात पातळी वर चढते आणि भेगांत अडकलेलं डिझेल पाण्याखाली दबून राहतं. मेमध्ये पातळी उतरली की तेच सुटं होऊन विहिरीत तरंगायला लागतं. ऑगस्टमध्ये स्वच्छ दिसलेली विहीर मेमध्ये तेलकट निघालेली मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. म्हणून एक फेरी आत्ता, एक ऑक्टोबरच्या सुमारास आणि एक पुढच्या मेच्या शेवटी. खरेदीदाराला थांबायचं नसेल तर किमतीतली काही रक्कम मेच्या रिपोर्टपर्यंत बाजूला ठेवण्याचा करार वकिलाकडून करून घ्या.

तोवर त्या तीन विहिरींच्या झाकणांवर कुलूप आणि भोवती रंगवलेले खांब ठेवा. प्लॉट रिकामा दिसला की कुणीतरी ट्रक उभा करतो, झाकण फुटतं, आणि पहिल्याच सरीत आवारातलं तेलकट पाणी त्या पाइपात उतरतं.